कणांचं सिम्युलेशन एका कोअरवरून क्लस्टरवर नेताना ऑब्जेक्टची रचना कशी करावी?

मुळाकाठ

सी++१७ मधला मॉलिक्युलर डायनॅमिक्सचा प्रोग्राम आहे. १० लाख कण, साधं लेनर्ड-जोन्स बल, तिन्ही दिशांना आवर्ती सीमा (एका कडेने बाहेर पडलेला कण समोरच्या कडेने आत येतो). एका कोअरवर उत्तरं बरोबर येतात. आता आधी ३२ कोअरच्या एका नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या एका संगणकावर (दोन सॉकेट, प्रत्येकी १६ कोअर), आणि मग एमपीआय (वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये मेसेज पाठवण्याची पद्धत) वापरून ८ नोडवर न्यायचा आहे.

सध्याची रचना अशी: 'कण' हा बेस क्लास. त्यात स्थान, वेग, बल, वस्तुमान, प्रभार, क्रमांक, प्रकार आणि शेजाऱ्यांची यादी. बल काढणारं फंक्शन व्हर्च्युअल (कोणत्या उपक्लासचं चालायचं ते प्रोग्राम चालताना ठरतं). सगळे कण शेअर्ड पॉइंटरच्या (ऑब्जेक्ट किती जण धरून आहेत ते मोजणाऱ्या पॉइंटरच्या) व्हेक्टरमध्ये, शेजारीही शेअर्ड पॉइंटरनेच धरलेले. 'सिम्युलेशन' हा सिंगलटन (अख्ख्या प्रोग्राममध्ये एकच असणारा ऑब्जेक्ट) आणि यादृच्छिक संख्यांचं इंजिनही सिंगलटन.

बाहेरच्या लूपवर ओपनएमपीची (लूप थ्रेडमध्ये वाटून देणाऱ्या सोयीची) एक ओळ टाकली. ३२ थ्रेडवर वेग जेमतेम तिप्पट होतो आणि उत्तरं दर वेळी वेगळी येतात. प्रत्येक कणाला म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, द्यावा का? की या कामाला ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतच चालत नाही?

लूपधारी

पद्धत चालते, फक्त तुमच्या ऑब्जेक्टची सीमा चुकीच्या जागी आहे. निसर्गात कण असतो म्हणून प्रोग्राममध्येही 'कण' हाच ऑब्जेक्ट, असं धरलंत. समांतर प्रोग्राममध्ये आधी ठरवावं लागतं ते हे: एक कामगार, म्हणजे थ्रेड किंवा प्रोसेस, एका वेळी किती डेटाचा मालक असेल? तो तुकडा म्हणजे ऑब्जेक्ट. कण हा त्या तुकड्याच्या आतल्या ॲरेमधला एक निर्देशांक.

आकडेमोड करून बघा. स्थान, वेग, बल प्रत्येकी २४ बाइट, म्हणजे ७२. वस्तुमान आणि प्रभार १६, क्रमांक आणि प्रकार ८, व्हर्च्युअल टेबलचा पॉइंटर ८, शेजारी-यादीच्या व्हेक्टरचं डोकं २४. एकूण १२८ बाइट, शिवाय शेअर्ड पॉइंटरचा कंट्रोल ब्लॉक आणि हीपची नोंद धरली की १६० च्या आसपास. बल काढताना शेजाऱ्याचं फक्त स्थान लागतं, २४ बाइट. त्यासाठी प्रोसेसर ६४ बाइटची एक कॅश लाइन (मेमरीतून एका वेळी येणारा गठ्ठा) आणतो, कधी दोन, आणि तीही हीपवर कुठेतरी विखुरलेली. म्हणजे ३२ कोअर मिळून मेमरीच्या एकाच रस्त्यावर खोळंबलेले असतात. वेग तिपटीवर अडकण्याचं एक मोठं कारण हे.

दुसरं कारण शेअर्ड पॉइंटर. त्याची नुसती प्रत काढली तरी संदर्भ-मोजणी अ‍ॅटॉमिक पद्धतीने वाढते. लूपमध्ये कुठेही तो 'व्हॅल्यू'ने घेतला असेल तर दोन थ्रेड एकाच शेजाऱ्याची मोजणी बदलतात आणि ती कॅश लाइन एका कोअरकडून दुसऱ्याकडे फिरत बसते. त्यात हा पॉइंटर १६ बाइटचा. द्रवाच्या घनतेला, २.५ सिग्मा कटऑफ (सिग्मा म्हणजे कणाचा आकार, कटऑफ म्हणजे ज्यापलीकडे बल धरत नाही ते अंतर) आणि ०.३ सिग्मा कातडी (यादी दर पायरीला बांधावी लागू नये म्हणून धरलेलं जास्तीचं अंतर) धरली तर एका कणाला साधारण ७५ शेजारी येतात. म्हणजे १० लाख कणांच्या यादीला १.२ जीबी. तेच ४ बाइटचे निर्देशांक ठेवले तर ३०० एमबी. आणि दोन कण एकमेकांना शेअर्ड पॉइंटरने धरून असतील तर चक्र तयार होतं आणि मेमरी कधीच सुटत नाही.

तळेगाव_दाभाडे

लूपधारींशी सहमत. व्हर्च्युअल फंक्शनबद्दल भर घालतो.

व्हर्च्युअल कॉल स्वतः फार महाग नसतो. त्याच्यामुळे कंपायलरला पुढचं दिसेनासं होतं, हे खरं नुकसान. फंक्शन इनलाइन होत नाही आणि लूप व्हेक्टराइज होत नाही. प्रोसेसरच्या एव्हीएक्स२ सूचनासंचावर एका सूचनेत ४ डबल आणि एव्हीएक्स-५१२ वर ८ डबल हाताळता येतात, ते सगळं वाया जातं. प्रत्येक जोडी एकदाच धरली तरी तुमच्याकडे दर पायरीला पावणेचार कोटींच्या आसपास जोड्या आहेत.

म्हणून बहुरूपता काढू नका, वर उचला. 'बलनियम' असा अमूर्त क्लास ठेवा. त्याचं व्हर्च्युअल फंक्शन अख्खा तुकडा घेतं आणि त्यातली सगळी बलं काढतं. लेनर्ड-जोन्स, कूलंब वगैरे त्याचे उपक्लास. व्हर्च्युअल कॉल दर पायरीला तुकड्यागणिक एक. आतला लूप साधा, ॲरेवर चालणारा. कणांचे प्रकार वेगळे असतील तर प्रकाराचा क्रमांक ठेवा आणि वस्तुमान, सिग्मा, एप्सिलॉन लहानशा तक्त्यातून घ्या.

सँडिया प्रयोगशाळेच्या लॅम्प्स या मॉलिक्युलर डायनॅमिक्सच्या प्रोग्राममध्ये नेमकं हेच आहे. सी++ मध्ये लिहिलेला, वारसा भरपूर वापरणारा प्रोग्राम, पण 'पेअर', 'फिक्स', 'कम्प्युट' हे बेस क्लास सगळ्या कणांवर एकदम काम करतात. कणाचा स्वतंत्र ऑब्जेक्ट नाही. 'ॲटम' नावाच्या क्लासकडे स्थान, वेग, बल यांचे ॲरे असतात आणि बाकीचे क्लास ते वापरतात. नवीन बल जोडायचं तर नवा उपक्लास लिहायचा, समांतरतेच्या भागाला हात लावावा लागत नाही.

सई_व

मला हे खटकतं. सगळे ॲरे उघडे टाकले तर आवरण, म्हणजे आतला डेटा झाकून ठेवणं, राहिलं कुठे? दहा क्लास तेच बलाचे ॲरे लिहू लागले की कोणी कुठे बिघडवलं ते शोधता येणार नाही.

लूपधारी

आवरण तुकड्याच्या पातळीवर ठेवा. ॲरे तुकड्याच्या खाजगी भागात. बाहेर देताना दोन प्रकारची दर्शनं द्या: स्थानांचं फक्त वाचता येणारं आणि बलांचं लिहिता येणारं. दर्शन म्हणजे पॉइंटर आणि लांबी यांची जोडी, सी++२० मध्ये त्यासाठी स्पॅन तयार आहे, १७ मध्ये दहा ओळींत लिहून होतो. बल काढण्याच्या टप्प्यात स्थानं कॉन्स्ट, स्थान पुढे सरकवण्याच्या टप्प्यात बलं कॉन्स्ट. समांतर कामात हे आवरण जास्त उपयोगी, कारण एका टप्प्यात एकच गट वाचला जातो आणि दुसराच लिहिला जातो, याची खात्री कंपायलर करून देतो. कणागणिक गेटर-सेटर लावून ही खात्री मिळत नव्हती.

सई_व

हे पटलं. टप्प्यानुसार कॉन्स्ट ठेवायची कल्पना चांगली आहे. मग उत्तरं दर वेळी वेगळी येतात त्याचं काय? आणि म्यूटेक्सचं?

तळेगाव_दाभाडे

न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने अ आणि ब या जोडीचं बल एकदाच काढून अ मध्ये मिळवायचं आणि ब मधून वजा करायचं, असं लिहिलेलं असणार. अ माझ्या थ्रेडचा, पण ब दुसऱ्या थ्रेडचा असू शकतो. दोघांनी एकाच वेळी ब चं जुनं बल वाचलं, आपापली भर घातली, लिहिलं, की एकाची भर हरवते. हीच डेटा रेस.

कणाला म्यूटेक्स देऊ नका. लिनक्सवर ६४ बिटमध्ये एक म्यूटेक्स ४० बाइटचा असतो आणि पावणेचार कोटी वेळा कुलूप लावून काढणं हे बल काढण्यापेक्षा महाग पडतं. अ‍ॅटॉमिक बेरीजही तितकीशी स्वस्त नाही. एक्स८६ वर डबलची थेट अ‍ॅटॉमिक बेरीज नाही, कंपायलर तुलना-आणि-अदलाबदल असा छोटा लूप लिहितो, आणि तो प्रत्येक जोडीला तीन घटकांसाठी तीनदा.

उरतात तीन मार्ग. पहिला: प्रत्येक थ्रेडला बलाचा स्वतःचा ॲरे, शेवटी सगळ्यांची बेरीज. १० लाख कणांना २४ एमबी, ३२ थ्रेडना ७६८ एमबी, आणि दर पायरीला ते सगळं शून्य करून पुन्हा वाचायचं. ४ ते ८ थ्रेडपर्यंत ठीक, त्यापुढे मेमरीच्या वेगावरच अडकतं. दुसरा: पूर्ण शेजारी-यादी. प्रत्येक जोडी दोनदा काढायची आणि प्रत्येक थ्रेडने फक्त स्वतःच्या कणाचं बल लिहायचं. गणित दुप्पट, पण रेस शून्य, कुलूप शून्य, कोड सर्वांत सोपा. जीपीयूवर हाच मार्ग सर्रास वापरतात. तिसरा: जागेच्या पेट्या करून त्यांना रंग द्यायचे. एका रंगाच्या दोन पेट्या एकाच कणाला कधीच स्पर्श करत नाहीत, म्हणून त्या एकाच वेळी चालवता येतात. तिन्ही दिशांना तीन-तीनच्या अंतराने रंगवलं तर २७ रंग, जोड्यांची वाटणी हुशारीने केली तर ८. रंग बदलताना प्रत्येक वेळी सगळ्या थ्रेडनी एकमेकांसाठी थांबायचं.

मी दुसऱ्यापासून सुरुवात करेन. लेनर्ड-जोन्ससारखं स्वस्त बल असेल तर दुप्पट गणिताचा फटका व्हेक्टरायझेशनने बराच भरून निघतो. बल महाग असेल, अनेक कणांचा एकत्रित विचार करावा लागत असेल, तर तिसरा.

निशिगंध

रेस गेली तरी थ्रेडची संख्या बदलल्यावर उत्तरं शेवटच्या अंकांत बदलणारच, हे इथे आताच लिहून ठेवते, नाहीतर धागाकर्ते पुन्हा रेस शोधत बसतील. दशांश बेरजेला क्रम लागतो. डबलमध्ये १०^१६ मध्ये १ मिळवून १०^१६ वजा केले तर ० येतो, आणि आधी वजाबाकी करून मग १ मिळवला तर १. एकूण ऊर्जेची बेरीज थ्रेडमध्ये वाटली की क्रम बदलला.

सिंगलटन इंजिनाचं काय ते सांगते. मर्सेन ट्विस्टर या सी++ मधल्या नेहमीच्या इंजिनाची अवस्था ६२४ शब्दांची, सुमारे अडीच केबी. ३२ थ्रेड तिला एकदम बदलू लागले तर अवस्थाच भ्रष्ट होते. कुलूप लावलं तर सगळे रांगेत. थ्रेडला एकेक इंजिन दिलं तर चालतं, पण मग कोणत्या कणाला कोणती संख्या मिळेल हे थ्रेडच्या संख्येवर अवलंबून राहतं. लँजव्हां थर्मोस्टॅट (यादृच्छिक धक्के देऊन तापमान राखणारा) वगैरे वापरत असाल तर गणकावर आधारलेला जनरेटर घ्या. २०११ साली मांडलेला फिलॉक्स हा त्यातला एक. त्याला अवस्था नसते. किल्ली म्हणून कणाचा क्रमांक आणि गणक म्हणून पायरीचा क्रमांक दिला की तीच संख्या परत येते, मग तो कण कोणत्याही थ्रेडवर किंवा नोडवर असो. एमपीआयवर गेल्यावर याची किंमत कळते.

आणखी एक जागा तपासा. प्रत्येक थ्रेडची ऊर्जा साठवायला ३२ डबलचा ॲरे केला असेल तर एका कॅश लाइनमध्ये ८ थ्रेडचे डबल बसतात. प्रत्येक जण फक्त आपलाच लिहितो, तरी लाइन एकच असल्यामुळे ती आठ जणांत खेचाखेच होते. यालाच फॉल्स शेअरिंग म्हणतात. लूपमध्ये स्थानिक चलात बेरीज करा आणि शेवटी एकदाच लिहा, किंवा ओपनएमपीचं रिडक्शन वापरा. कायमचा थ्रेड-निहाय ऑब्जेक्ट लागणारच असेल तर त्याला अलाइनॅस(६४) द्या. इंटेलचे प्रोसेसर शेजारची लाइनही सोबत आणतात, म्हणून १२८ जास्त सुरक्षित.

मुळाकाठ

पूर्ण यादी आणि ॲरे असा बदल करून बघतो आहे. तुकड्याच्या क्लासमध्ये स्थानांसाठी साधा व्हेक्टर ठेवला तर चालेल ना? १६ थ्रेडपर्यंत वेग चांगला वाढतो, दुसऱ्या सॉकेटवर गेलं की वाढ थांबते.

लूपधारी

व्हेक्टरमुळेच थांबते. लिनक्स मेमरीचं पान पहिल्यांदा ज्या कोअरने लिहिलं, त्याच्या सॉकेटच्या मेमरीत ठेवतो. व्हेक्टर तयार होताना कन्स्ट्रक्टर सगळे घटक शून्य करतो आणि ते काम मुख्य थ्रेड एकटा करतो. म्हणजे सगळी पानं पहिल्या सॉकेटकडे गेली. दुसऱ्या सॉकेटचे १६ कोअर प्रत्येक वाचनाला पलीकडे जातात.

दोन उपाय. एक, शून्य न करणारा अ‍ॅलोकेटर व्हेक्टरला द्यायचा आणि पहिलं लेखन समांतर लूपमध्ये करायचं. वाटणी बल काढण्याच्या लूपसारखीच हवी, म्हणजे दोन्हीकडे स्टॅटिक शेड्यूल. थ्रेड कोअरला बांधलेले नसतील तर याचा काही उपयोग नाही, म्हणून ओएमपी_प्रॉक_बाइंड 'क्लोज' आणि ओएमपी_प्लेसेस 'कोअर्स' करा. दोन, सॉकेटमागे एक एमपीआय रँक (एमपीआयची एक प्रोसेस) चालवायचा आणि त्यात १६ थ्रेड. मग प्रत्येक रँकची मेमरी आपोआप आपल्या सॉकेटजवळ राहते. तुम्हाला एमपीआयवर जायचंच आहे, तर दुसराच घ्या.

कण फिरतात, त्यामुळे ॲरेमधले शेजारी काही हजार पायऱ्यांनी जागेत शेजारी राहत नाहीत. शेजारी-यादी नव्याने बांधताना अधूनमधून कण पेटीच्या क्रमाने लावून घ्या. आणि ती यादी बांधण्याचं कामही समांतर करा. ते एकाच थ्रेडवर राहिलं आणि मूळ वेळेच्या ५ टक्के असलं, तर अ‍ॅमडालच्या नियमाने ३२ कोअरवर जास्तीत जास्त १२.५ पट मिळतात. कोअर कितीही वाढवले तरी २० पटीच्या पुढे नाही.

सह्यकडा

आता क्लस्टरचा भाग. वाटलेल्या मेमरीत तुकडा म्हणजे जागेचा एक ठोकळा. 'उपक्षेत्र' असा क्लास करा. त्याच्याकडे स्वतःचे कण ॲरेच्या सुरुवातीला आणि शेजारच्या रँककडून आलेल्या कणांच्या प्रती, म्हणजे घोस्ट, त्याच ॲरेच्या शेवटी. असं ठेवलं की बल काढणाऱ्या लूपला स्वतःचा आणि परका असा फरक करावा लागत नाही. शेजारी-यादीत दोघांचेही निर्देशांक. पॉइंटर कुठेही नको. दुसऱ्या प्रोसेसमध्ये तो पत्ता निरर्थक असतो.

रँक किती? कणांमधलं सरासरी अंतर एकक धरलं तर तुमचा कटऑफ कातडीसकट साधारण ३ एककं. ठोकळा घन धरू. १६ रँक घेतले तर प्रत्येकी ६२,५०० कण, बाजू सुमारे ४० आणि घोस्ट सुमारे ३३ हजार. कोअरमागे एक असे २५६ रँक घेतले तर प्रत्येकी ३,९०६ कण, बाजू पावणेसोळा आणि घोस्ट सुमारे ६,४००, म्हणजे स्वतःच्या कणांपेक्षा दीडपटीहून जास्त. १० लाख कणांसाठी १६ रँक आणि प्रत्येकी १६ थ्रेड हे वाटप त्यामुळेच बरं.

घोस्ट पाठवताना २६ शेजाऱ्यांशी बोलायची गरज नाही. आधी एक्स दिशेला दोन्ही बाजूंशी देवाणघेवाण, मग वाय दिशेला, पण एक्सकडून नुकतेच आलेले घोस्टही त्यात धरून, मग झेड. कडा आणि कोपरे आपोआप पोहोचतात, मेसेज फक्त ६. प्रत्येक दिशेला एकच सलग बफर भरा. ३३ हजार घोस्टची स्थानं म्हणजे ८ लाख बाइटच्या आत. १०० गिगाबिटच्या इन्फिनीबँड नेटवर्कवर ६५ मायक्रोसेकंदांच्या आसपास. तेच एका कणाला एक मेसेज असं पाठवलं तर दर मेसेजला दीड मायक्रोसेकंद धरून ५० मिलिसेकंद, साधारण ८०० पट.

सह्यकडा

(वरचा प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा.) ऑब्जेक्ट आणि एमपीआय एकत्र आले की बिघडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत.

व्हर्च्युअल फंक्शन असलेला ऑब्जेक्ट बाइट म्हणून पाठवू नका. त्याच्या पोटात टेबलचा पॉइंटर असतो आणि दुसऱ्या प्रोसेसमध्ये ते टेबल दुसऱ्या पत्त्यावर असतं. आत व्हेक्टर किंवा स्ट्रिंग असेल तरी तेच. पाठवायचा स्ट्रक्ट ट्रिव्हियली कॉपीएबल आहे हे स्टॅटिक असर्टने तपासा.

एमपीआयची सी++ बाजू शोधू नका. ती २०१२ च्या ३.० आवृत्तीत काढून टाकली. सी बाजूवर स्वतःचं पातळ आवरण लिहा. त्यात एक नेहमीची चूक होते: कम्युनिकेटर किंवा डेटाटाइप धरणारा ऑब्जेक्ट स्टॅटिक किंवा सिंगलटन असतो. त्याचा डिस्ट्रक्टर मेन संपल्यावर चालतो, तोवर फायनलाइझ (एमपीआय बंद करणारा कॉल) होऊन गेलेलं असतं, आणि सगळी गणितं बरोबर येऊन प्रोग्राम शेवटी कोसळतो. मेनमध्ये पहिला ऑब्जेक्ट 'एमपीआय-परिसर' असा ठेवा. त्याचा कन्स्ट्रक्टर इनिट करेल, डिस्ट्रक्टर फायनलाइझ. बाकी सगळे त्याच्यानंतर तयार होतील, म्हणून आधी नष्ट होतील. सिंगलटन 'सिम्युलेशन' त्यासाठीच मोडा. संदर्भ म्हणून हातात द्या.

आयसेंड (पाठवणं सुरू करून लगेच परतणारा कॉल) केल्यावर वेट (ते पूर्ण होईपर्यंत थांबणारा कॉल) होईपर्यंत बफर हलता कामा नये. स्थानिक व्हेक्टरमधून आयसेंड करून फंक्शन संपलं, किंवा मध्येच पुश-बॅकने व्हेक्टर वाढला, की कचरा जातो, आणि तोही कधीतरीच, म्हणून सापडत नाही. 'देवाणघेवाण' असा क्लास करा. सहाही बफर आणि रिक्वेस्ट त्याच्या मालकीचे, आयुष्य अख्ख्या सिम्युलेशनइतकं, कॉपी बंद.

सगळ्यांनी आधी सेंड आणि मग रिसीव्ह लिहिलं तर छोट्या चाचणीत चालतं, कारण लहान मेसेज लायब्ररी स्वतःच्या बफरमध्ये ठेवून सेंडमधून परत येते. मेसेज ठराविक मर्यादेपेक्षा मोठा झाला की समोरचा रिसीव्ह सुरू होईपर्यंत सेंड परतत नाही आणि सगळे एकमेकांची वाट पाहत बसतात. चाचणीसाठी सगळ्या सेंडच्या जागी एससेंड घाला. तो आकार काहीही असो, समोरच्याने रिसीव्ह सुरू केल्याशिवाय परतत नाही. तरी प्रोग्राम चालला तर या बाबतीत निर्धास्त राहा.

एक्सेप्शनचं तर फारच जपा. एका रँकवर एक्सेप्शन उडालं आणि तो ऑलरिड्यूसपर्यंत (सगळ्या रँकची बेरीज किंवा कमाल एकत्र काढणाऱ्या कॉलपर्यंत) पोहोचलाच नाही, तर उरलेले १५ अनंत काळ थांबतात आणि क्लस्टरचे तास जळत राहतात. मेनमध्ये सगळ्यात बाहेर पकडा आणि एमपीआयचं अबॉर्ट बोलवा. ओपनएमपीच्या भागात उडालेलं एक्सेप्शन तर त्याच थ्रेडने त्याच भागाच्या आत पकडावं लागतं, नाहीतर प्रोग्राम तिथेच संपतो. सुरुवात करताना इनिट-थ्रेड वापरून 'फनेल्ड' मागा आणि एमपीआयचे कॉल फक्त मुख्य थ्रेडने करा. परत काय पातळी मिळाली तेही वाचा, मागितलेली मिळतेच असं नाही.

अक्षांश_५२

एक वेगळा विचार मांडतो. एवढं सगळं हाताने करण्यापेक्षा ॲक्टर मॉडेल का नको? १९७३ साली कार्ल हेविट यांनी मांडलेलं, एर्लंग या भाषेने वर्षानुवर्षं चालवून दाखवलेलं. प्रत्येक कण एक ॲक्टर, स्वतःची अवस्था स्वतःकडे, बोलणं फक्त मेसेजने. रेस नाही, कुलूप नाही, आणि ॲक्टर कोणत्या नोडवर आहे याची फिकीर नाही.

सह्यकडा

कण हा ॲक्टर केला तर प्रत्येकाला दर पायरीला ७५ शेजाऱ्यांची स्थानं हवीत, म्हणजे साडेसात कोटी मेसेज. एका जोडीचं बल काढायला काही नॅनोसेकंद लागतात, मेसेज त्याच नोडवरच्या रांगेत टाकून काढायलाही त्याहून कितीतरी जास्त. कल्पना चांगली, आकार चुकला.

"कोणत्या नोडवर आहे याची फिकीर नाही" याच्याशी मात्र मी अजिबात सहमत नाही. सन मायक्रोसिस्टम्सच्या प्रयोगशाळेतल्या जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच दाखवून दिलं की दूरचा ऑब्जेक्ट जवळच्यासारखा आहे असं भासवणं चुकीचं. वेळ, मेमरीची पोहोच, अर्धवट बिघाड आणि समांतरता या चार बाबतींत तो वेगळाच असतो. कोर्बा आणि जावाच्या आरएमआयवर (दूरच्या ऑब्जेक्टची फंक्शनं बोलवण्याच्या पद्धतींवर) ज्यांनी एक्स, वाय, झेड असे तीन वेगळे गेटर दूरच्या ऑब्जेक्टवर बोलवले, त्यांना एका बिंदूसाठी नेटवर्कच्या तीन फेऱ्या पडल्या. दूरच्या ऑब्जेक्टचा इंटरफेस मुळातच जाडजूड असावा: एका मेसेजमध्ये अख्ख्या तुकड्याचं काम, आणि कॉल करणाऱ्याला तो दूर आहे हे नावावरूनच कळावं.

पुण्याच्या सी-डॅकचा परम ८००० हा महासंगणक १९९१ चा. ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरवर बांधलेला, प्रत्येक नोडची मेमरी स्वतंत्र. त्यावर लिहिणाऱ्याला मालकीची वाटणी पहिल्या दिवशीच ठरवावी लागे. आजच्या ३२ कोअरच्या नोडवर सामायिक मेमरी आहे म्हणून तो निर्णय पुढे ढकलता येतो, आणि धागाकर्त्यांचा प्रश्न तिथेच तयार झाला.

निशिगंध

ॲक्टरचा योग्य आकार बघायचा असेल तर चार्म++ ही सी++ वरची समांतर प्रणाली बघा. इलिनॉय विद्यापीठात प्रा. लक्ष्मीकांत काळे यांच्या गटाने बनवलेली. त्यातला ऑब्जेक्ट, त्याला 'चेअर' म्हणतात, हा एक मध्यम आकाराचा तुकडा असतो. कोअर जितके, त्यापेक्षा कितीतरी पट जास्त तुकडे करायचे आणि कोणता कुठे राहील ते रनटाइमवर सोपवायचं. एक तुकडा मेसेजची वाट पाहत असेल तर त्याच कोअरवरचा दुसरा चालतो. एखादा कोअर जड झाला तर तुकडे उचलून दुसरीकडे नेले जातात. नॅम्ड हा जैवरेणूंचा प्रोग्राम यावर उभा आहे आणि त्याला २००२ चा गॉर्डन बेल हा समांतर संगणनातला पुरस्कार मिळाला.

नॅम्डच्या रचनेतली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्यात जागेचे तुकडे वेगळे ऑब्जेक्ट आहेत आणि दोन तुकड्यांमधलं बल काढण्याचं काम हाही वेगळा ऑब्जेक्ट. डेटा जागेवर ठेवून नुसतं काम हलवता येतं. तुमच्या नमुन्यात एका बाजूला द्रव आणि दुसऱ्या बाजूला वायू असेल, तर सारख्या आकाराचे ठोकळे पाडून काही रँक रिकामे बसतील. तिथे हा भेद कामाला येतो. घनता सगळीकडे सारखी असेल तर साधे ठोकळे पुरेत, चार्म++ शिकण्याचा खटाटोप करू नका.

त्यांच्याकडून आणखी एक युक्ती उचला, पप नावाची. तुकड्याच्या क्लासमध्ये एकच फंक्शन लिहायचं, त्यात सगळे घटक क्रमाने एका 'पेटाऱ्या'ला द्यायचे. पेटारा तीन प्रकारचा: आकार मोजणारा, भरणारा, उपसणारा. भरायचा आणि उपसायचा कोड वेगळा लिहिला की नवीन घटक एकीकडे टाकला जातो आणि दुसरीकडे राहतो. एका फंक्शनमध्ये ती चूक होऊच शकत नाही. तेच फंक्शन चेकपॉइंटलाही, म्हणजे मधली अवस्था डिस्कवर जपायलाही, वापरा. एमपीआयमध्ये एक रँक मेला की सहसा अख्खं काम मरतं, त्यामुळे चेकपॉइंट हवाच. स्थान, वेग, क्रमांक आणि प्रकार धरून १० लाख कणांचे ५६ एमबी होतात. नवीन नावाने लिहा, पूर्ण झाल्यावरच जुन्याच्या जागी नाव बदला, म्हणजे लिहिताना काम मेलं तरी जुना शाबूत.

अक्षांश_५२

तुकडा हाच ॲक्टर, हे मान्य. वाचनखूण साठवली.

मुळाकाठ

सगळ्यांचे आभार. आता क्रम असा धरला आहे: आधी एका रँकवर उपक्षेत्र आणि ॲरे, मग थ्रेड, मग एमपीआय. शेवटचा प्रश्न. उत्तरं शेवटच्या अंकांत बदलणारच असतील, तर १ रँक आणि १६ रँक यांची उत्तरं 'जुळली' हे कशावरून ठरवायचं?

निशिगंध

थ्रेडच्या आधी एक पायरी घाला. एकाच रँकवर, पण देवाणघेवाणीचा कोड चालू ठेवून. आवर्ती सीमेमुळे तो रँक स्वतःचाच शेजारी होतो आणि घोस्टचा सगळा मार्ग डीबगरमध्ये एका प्रोसेसवर तपासता येतो.

मग तुलना शून्याव्या पायरीची करा. तीच सुरुवातीची स्थानं द्या, दोन्हीकडची बलं कणाच्या क्रमांकानुसार लावा. ॲरेमधल्या जागेनुसार नको, ती बदललेली असते. फरक बलाच्या सरासरी परिमाणाच्या तुलनेत १०^-१२ च्या आसपास किंवा खाली हवा. १०^-३ सारखा फरक काही मोजक्याच कणांत दिसला, तर ते कण ठोकळ्याच्या कडेला आहेत का ते बघा. बहुतेक वेळा घोस्टची पट्टी कटऑफपेक्षा कमी जाड असते, किंवा कातडी धरायची राहिलेली असते. फक्त कोपऱ्यांतले कण चुकत असतील तर वाय दिशेला पाठवताना एक्सचे घोस्ट धरलेले नाहीत. सगळ्याच कणांत फरक असेल तर शंका एककांवर किंवा तक्त्यावर घ्या.

बलांची एकूण बेरीज शून्याजवळ येते का तेही बघा. पूर्ण यादीत अ ला ब दिसतो पण ब ला अ दिसत नाही अशी जोडी राहिली असेल, तर ती इथेच पकडली जाते.

हजारो पायऱ्यांनंतरची स्थानं जुळवू नका. ही प्रणाली गोंधळी आहे. शेवटच्या अंकातला फरक घातांकी वेगाने वाढतो आणि कणांचे मार्ग पूर्ण वेगळे होतात, दोन्ही बरोबर असूनही. तिथे एकूण ऊर्जा कशी सरकते, सरासरी तापमान आणि दाब किती, हे तपासा. थर्मोस्टॅट बंद ठेवून दोन्हीकडची ऊर्जा सारख्याच पट्ट्यात हेलकावत राहिली पाहिजे. एकीकडे ती सतत एकाच दिशेला सरकत असेल तर शेजारी-यादी उशिरा बांधली जाते आहे. आणि ती केव्हा बांधायची हा निर्णय प्रत्येक रँकने स्वतःपुरता घेऊ नये. कोणत्याही रँकवर एखादा कण कातडीच्या अर्ध्याहून जास्त हलला की सगळ्यांनी एकाच पायरीला बांधायची, त्यासाठी एक पूर्णांक घेऊन कमाल काढणारं ऑलरिड्यूस.

तळेगाव_दाभाडे

रेस उरली आहे का हे बघायला थ्रेड सॅनिटायझर लावा, पण जीसीसीच्या ओपनएमपी लायब्ररीबरोबर तो नसलेल्या रेसही दाखवतो, कारण तिच्या आतलं थांबणं त्याला कळत नाही. क्लँग हा कंपायलर आणि त्याच्याबरोबर येणारं, ओपनएमपीचं थांबणं सॅनिटायझरला कळवणारं आर्चर वापरा. कण ५ हजारांवर आणि थ्रेड ४ वर आणून चालवा. सॅनिटायझरखाली वेग ५ ते १५ पट कमी होतो आणि मेमरीही ५ ते १० पट लागते, १० लाखांवर लावलात तर वाट पाहत बसाल.

मुळाकाठ

कडेच्या कणांवरच्या खुणेसाठी तुलनेच्या स्क्रिप्टमध्ये ठोकळ्याच्या सीमेपासूनचं अंतर हा स्तंभ घातला आहे. फरक त्या अंतरानुसार लावून बघतो आणि आलेख इथेच टाकतो.